गावात राहणं आणि गावाचं असणं: पुरावा कोणाकडं मागायचा?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जात, नॉन-क्रिमीलेअर, 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' हेच दिवसभराचं काम. निकाल लागले की पोरं आणि त्यांचे बाप प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन रांगेत उभे राहतात. त्या पिशवीत काय आहे आणि काय नाही, यावर पोराचं पुढचं सगळं ठरतं.

यंदा एका फासेपारधी बेड्यावरची (बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती) मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्सिंगला जायचं आहे. तिचा जातीच्या दाखल्याचा अर्ज पुन्हा पुन्हा त्रुटीत परत येतो. त्रुटी एकच: ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या राज्यात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत. त्या तारखेआधी आपलं कुटुंब इथलं होतं आणि त्याच जातीचं होतं, हे दाखवावं लागतं.

आता या मुलीच्या पणजोबाचं काय दाखवायचं? शाळेत गेला नाही, म्हणून दाखल-खारीजमध्ये नाव नाही. शेत नाही, म्हणून सातबारा नाही. घर नाही, म्हणून घरटॅक्सची पावती नाही. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यात पारधी होते. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. म्हणजे ज्या काळाचा पुरावा आपण मागतो, त्या काळात या लोकांना कोणी एका जागी सुखानं टिकूच देत नव्हतं.

मागच्या आठवड्यात मुलीसोबत गावातले एक म्हातारे शेतकरी आले. धोतर, टोपी, हातात काठी, वय पंच्याऐंशीच्या पुढं. खुर्चीवर बसायच्या आधीच सांगायला लागले, "हे पोरगी कोनाची ते मले इचारा. इच्या आज्याचा बाप आमच्या वावरात जागलीले राहे. रानडुकरं हाकले. माह्या मायनं त्याच्या बायकोचं बाळंतपन केलं, गोठ्यात. तितर धरून आने तो, मले पायाले देये. आता मी खोटं कायले बोलू?" त्यांना ज्वारीच्या त्या वावराचं नाव आठवतं, बेडा कोणत्या निंबाखाली होता ते आठवतं, माणूस कोणत्या दुष्काळात मेला तेही आठवतं. एवढी पक्की साक्ष मी माझ्या धंद्यात दुसरी ऐकली नाही. आणि अर्जासोबत ती जोडायला रकानाच नाही.

मला वाचनाचा नाद आहे. प्राचीन ग्रीसमधला एक खटला वाचनात आला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. इसवी सनापूर्वी ३४६-४५ च्या सुमारास अथेन्सनं सगळ्या नागरिकांच्या याद्या नव्यानं तपासायला घेतल्या. तिथं नागरिकाची नोंद त्याच्या 'डीम'मध्ये असायची. डीम म्हणजे आपल्या गावासारखा घटक, असे १३९ डीम होते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की डीमची सभा मतदानानं ठरवायची की हा आपला आहे का. पेरिक्लीसच्या इ.स.पू. ४५१ च्या कायद्यापासून आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असावे लागत.

या तपासणीत हालिमूस नावाच्या डीममधल्या युक्सिथियस या माणसाचं नाव यादीतून कापलं गेलं. त्यानं न्यायालयात दाद मागितली. डेमॉस्थेनिस या नामांकित वक्त्यानं त्याला लिहून दिलेलं भाषण आजही उपलब्ध आहे. आक्षेप काय होते पाहा. तुझा बाप परक्यासारखा बोलायचा. तुझी आई बाजारात फिती विकते, दुसऱ्याची लेकरं पाजायला राहिली होती. त्यानं उत्तर दिलं: बाप युद्धात पकडला गेला, विकला गेला, कितीतरी वर्षं परमुलखात काढून परत आला, म्हणून बोली बदलली. आई गरिबीमुळे ते काम करत होती, आणि गरिबी म्हणजे परकेपणा नव्हे. मग त्यानं साक्षीदार उभे केले. बापाकडचे भाऊबंद, आईकडचे भाऊबंद, डीमचे लोक, एकाच स्मशानात ज्यांची माणसं पुरली आहेत असे लोक. कागद एकही नाही. हरला असता तर शिक्षा होती गुलाम म्हणून विकलं जाण्याची.

अडीच हजार वर्षांपूर्वी आपलेपणाचा पुरावा शेजाऱ्याच्या तोंडात होता, आज तो रेकॉर्ड रूममध्ये आहे. माझं म्हणणं असं की माणूस कुठला आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्याकडं शासनानं स्वतः चालत जावं. ज्याला कागद कधी दिलाच नाही, त्याच्याकडून तो कागद मागू नये. तुमचे अनुभव सांगा. बाकी देशांचं, बाकी काळाचं माहीत असेल तर तेही लिहा.

जुनी_नाणी

फार महत्त्वाचा धागा काढलात, दादा. अथेन्सबद्दल थोडी भर घालतो.

तिथं आर्कन, म्हणजे शहराचा वरिष्ठ अधिकारी, म्हणून निवडलेल्या माणसाची पदावर बसण्यापूर्वी तपासणी व्हायची. विचारत की तुझा बाप कोण, कोणत्या डीमचा, बापाचा बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण. पुढं विचारत की तुझ्याकडे घराण्याचा अपोलो आणि अंगणातला झ्यूस आहे का, त्यांची देवस्थानं कुठं आहेत, आणि तुमच्या घराण्याची थडगी कुठं आहेत. आपल्याकडं सोयरीक जुळवताना कुळ, कुलदैवत, मूळ गाव विचारतात, जवळपास तोच क्रम. नावाचीही तीच गत. माणसाचं नाव, बापाचं नाव, मग डीमचं नाव. आणि माणूस डीम सोडून शहरात राहायला गेला तरी डीम बदलत नसे, मुलाबाळांनाही तोच लागे.

पण त्याच अथेन्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहून नागरिक न झालेले लोक होते, त्यांना मेटिक म्हणत. पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा कर, स्वतंत्र बाईला ६. नागरिकांपैकी एक जण त्यांना पाठीराखा म्हणून दाखवावा लागे. जमीन घेता येत नसे, सभेत मत नाही, लढाईला मात्र जावं लागे. अॅरिस्टॉटल अथेन्समध्ये मेटिकच होता. नागरिक कोणाला म्हणावं याची ज्याची चर्चा जग आजही वाचतं, तो ज्या शहरात शिकवत होता तिथला नागरिक नव्हता. मला हे वाचून नेहमी अस्वस्थ वाटतं.

रोमनं वेगळी वाट धरली. परप्रांतातून आलेल्या सहायक सैनिकानं २५ वर्षं नोकरी केली की त्याला नागरिकत्व मिळे, आणि त्याचा दाखला काशाच्या दोन पत्र्यांवर कोरून देत. मूळ आदेश रोममध्ये भिंतीवर लावलेला, सैनिकाकडे त्याची नक्कल, आणि त्या नकलेवर सात साक्षीदारांची नावं. म्हणजे कागद आणि माणूस दोन्ही लागत. पुढं इ.स. २१२ मध्ये काराकाल्ला बादशहानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र लोकांना नागरिक करून टाकलं. त्यानंतर झालं काय? नागरिक सगळेच, पण कायद्यात 'मानाचे' आणि 'हलके' असा भेद अधिक घट्ट झाला. एकाच गुन्ह्याला एकाला हद्दपारी, दुसऱ्याला खाणीत मजुरी.

आपल्या भागात यायचं तर नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यात अडम इथं झालेल्या उत्खननात अस्सक जनपदाचं नाव असलेली मुद्रा मिळाली आहे. जनपद म्हणजे लोकांनी पाय रोवलेली भूमी. विदर्भात ही ओळख दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

वऱ्हाडी_मानूस

भाऊ, आयकून मन भरून आलं. माह्या आज्याची गोष्ट सांगतो.

आजा अमरावती जिल्ह्यातला. गाव सोडून कधी राह्यला नाई. त्याचा जनम झाला तवा वऱ्हाडात कारभार इंग्रजाचा, पन कागदावर मुलूख निजामाचा. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजाच्या हवाली केलं, १९०२ साली कायमच्या पट्ट्यानं देल्लं, अन् १९०३ साली ते मध्यप्रांताले जोडलं. १९३६ साली निजामाच्या पोराले 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हनून किताब भेटला. म्हंजे आजा राहे इंग्रजाच्या अमलात अन् कायद्यानं मुलूख निजामाचा. मंग १९५० ले मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १९५६ ले मुंबई राज्य. १९६० ले महाराष्ट्र. मानूस एकाच ओसरीवर बसला होता, राज्यं त्याच्या दारावरून जात राह्यली.

त्याले कोनी इचारलं का तुमी कुठले, तं तो गावाचं नाव सांगे, अन् मंग 'वऱ्हाडातला' म्हने. माह्या बापानं कोतवाल बुकातून, म्हंजे गावच्या जनम-मरनाच्या वहीतून, आज्याची नक्कल काढली तवा ते मोडीत होती. वाचाले मानूस शोधता शोधता दम निघाला. आमाले शेत होतं, ओळख होती, तरी एवढा तरास. त्या पोरीचं काय होत असंन?

मोहफूल

गडचिरोलीतून लिहिते. पैनगंगाकाठ दादा, तुम्ही म्हणता तो रकाना एका कायद्यात आहे. वनहक्क कायदा, २००६.

त्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद आहेतच, पण त्यासोबत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब आहेत. घर, झोपडी, बांध, सपाटीकरण अशा डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा आहेत. वंशावळ आहे. सामूहिक हक्कासाठी देवराई, पवित्र झाडं, तळी, स्मशानभूमी हेही पुरावे आहेत. जुनी_नाणी यांनी थडग्यांबद्दल लिहिलं ते वाचून मी थांबलेच. आमच्या गावाच्या दाव्यात आम्ही मेलेल्या माणसांच्या नावानं उभारलेले दगड दाखवले होते. समितीसोबत आम्ही दिवसभर जंगलात फिरलो, म्हातारी माणसं प्रत्येक दगडाजवळ उभी राहून सांगत होती की हा कोणाचा. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात लिहिलं गेलं आणि ते चाललं. २०१२ च्या दुरुस्तीनं तर अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरू नका, असं समित्यांना सांगितलं आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं तुम्हाला माहीत असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्यांचं वाक्य सगळीकडं गेलं. २००९ मध्ये १,८०० हेक्टरांवर त्यांना सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. स्वतःच्या सहीनं बांबू बाहेर पाठवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. आधी तोच बांबू डोक्यावर असला की चोर म्हणत.

पण याच कायद्यात एक टोचणारी गोष्ट आहे. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा. आदिवासी नसलेल्याला मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. माझ्या गावात ढिवर आहेत, कुंभार आहेत, त्यांच्याही पिढ्या इथंच गेल्या. आमच्या तोंडच्या साक्षी त्यांच्याही बाजूनं आहेत, तरी त्यांचे दावे मोठ्या संख्येनं अडकतात. शेजाऱ्यानं एकाच पंगतीत बसायचं आणि फॉर्म वेगळा भरायचा, हे गावात बरं वाटत नाही.

सातबारा

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. भावना पोचली, पण वेगळं मत मांडतो. रागावू नका.

गावाची साक्ष हा पुरावा मानला तर जे गावालाच नको आहेत त्यांचं काय होईल, याचा विचार करा. पैनगंगाकाठ, तुम्ही ज्या युक्सिथियसचा खटला सांगितला तो मीही वाचला आहे. त्याचं नाव कापलं कोणी? राजानं नाही, कारकुनानं नाही. त्याच्याच डीमच्या सभेनं. त्याचं म्हणणं होतं की त्याच्या वैऱ्यानं दिवसभर भाषणं आणि ठराव करून वेळ काढला. सभा शहरात होती, हालिमूस लांब, म्हातारी माणसं अंधार पडायच्या आत घरी निघून गेली. उरले जेमतेम तीस, आणि मोजणीत मतं निघाली साठाहून जास्त. मी नोकरीत किती ग्रामसभा पाहिल्या! कोरम नसताना घरोघरी फिरवून सह्या घेतलेली रजिस्टरं पाहिली. त्या रजिस्टरवर एखाद्या पारध्याच्या पोरीचं नागरिक म्हणून भवितव्य ठेवायचं?

देशावर पूर्वी मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदार गावचा, त्याची जमीन वंशपरंपरेची, गावच्या बैठकीत त्याला जागा. उपरी चार पिढ्या कसला तरी उपराच. हे ठरवलं होतं गावानंच. गावात माया असते तशी वेसही असते. माझ्या नोकरीच्या काळात एका गावानं बेड्याला हातपंप द्यायला विरोध केला, आणि त्याच गावातल्या चार म्हाताऱ्यांनी त्यांच्या बाजूनं जबाब दिले. दोन्ही खरं.

कागदाची एक ताकद आहे. पाटील नाराज आहे की खूश, याच्याशी त्याला घेणं नसतं. आणि बोगस दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्या, हेही विसरू नका. तपासणी कडक झाली ती त्यामुळं.

पैनगंगाकाठ

सातबारा काका, रागावण्यासारखं काहीच नाही. तुमचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच सांगतो की मला सभेचं मतदान नको आहे. साक्ष वेगळी आणि मतदान वेगळं. त्या शेतकरी आजोबांना मुलगी आपली वाटते का, हा प्रश्न नाही. तिचा पणजोबा त्यांच्या वावरात राहत होता, हे त्यांनी पाहिलंय. ते शपथेवर लिहून घ्यावं, उलटतपासणी करावी, खोटं निघालं तर शिक्षा करावी. हालिमूसमध्ये सभेनं जे बिघडवलं ते दुरुस्त करायला वर न्यायालय होतं आणि तिथं साक्षी नोंदवल्या गेल्या. तसं असू द्या.

माझा राग आहे तो ओझं कोणावर टाकलंय यावर. २००० च्या जातप्रमाणपत्र कायद्यात कलम ८ आहे. पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर. ज्याच्याकडं सात पिढ्यांचे सातबारे आहेत त्यालाही तेच कलम आणि पालावर जन्मलेल्यालाही तेच. त्या मुलीच्या बापाला तालुक्याच्या एका कचेरीत 'पुढच्या वेळी पूर्ण कागद आणा' एवढंच सांगतात. पुढच्या वेळी तो १९५० मधून काय आणणार?

लेक_माहेरची

वाचते आहे. बायकांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

अथेन्सच्या कायद्याला आई अथेन्सची पाहिजे होती, पण बाईचं नाव डीमच्या यादीत घालतच नसत. म्हणजे मुलाला तिच्यावर अवलंबून नागरिक व्हायचं आणि ती नागरिक आहे याचा पुरावा नाही. म्हणून तर त्या युक्सिथियसच्या आईची फिती विकायची टोपली न्यायालयात आली.

आपल्या रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनला, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता राज्य चालवत होती. तिनं आपल्या ताम्रपटात सासरचं विष्णुवृद्ध गोत्र न सांगता माहेरचं, गुप्तांचं धारण गोत्र सांगितलं. पाचव्या शतकातली ही बाई मी कोणाची हे स्वतः ठरवून तांब्यावर कोरून ठेवते. मला तिचा फार अभिमान वाटतो.

स्वतंत्र भारताची पहिली मतदार यादी झाली तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशीच झाली होती. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या बाजूनं भारतीय नागरिकत्व मिळायला १९९२ ची दुरुस्ती यावी लागली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं, ही चांगली गोष्ट. पण जातीच्या दाखल्याला आजही वडिलांकडचेच कागद मागतात. माझ्या ओळखीच्या एका परित्यक्ता बाईनं मुलाच्या दाखल्यासाठी ज्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं त्याच्याच भावाच्या पाया पडून टी.सी. आणली. काका म्हणतात कागदाला पाटलाशी घेणं नसतं. पण कागद कोणाच्या पेटीत आहे, याच्याशी बाईला घेणं असतंच.

तांडा_पुसद

आम्ही बंजारा, आमचा तांडा पुसदकडचा. पैनगंगेच्या अलीकडं आम्ही विमुक्त जाती. आमचे सोयरे तेलंगणात, ते १९७६ पासून अनुसूचित जमाती. कर्नाटकात गेलात तर अनुसूचित जाती. गोरबोली एक, सेवालाल महाराज एक, पोहरादेवीला सगळे एकाच गर्दीत. माझ्या बहिणीचं लग्न पलीकडं झालं, तिची मुलं एसटी, माझी व्हीजे. आमच्यातल्या माणसानं, वसंतराव नाईकांनी, १९६३ ते १९७५ या राज्याचं मुख्यमंत्रीपद सांभाळलं, त्यामुळं आम्ही इथले नाही असं कोणी म्हणू शकत नाही. पण रेषा कोणी आखली आणि माणूस कोणत्या रकान्यात पडला, यात आमचं काहीच नव्हतं.

चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातली १४ गावं पाहून या कोणीतरी. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. मराठी शाळा आहे, तेलुगू शाळा आहे, रेशनकार्डं दोन्हीकडची. बरेच लोक बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेले. दोन राज्यं ज्यांच्यावर हक्क सांगतात, त्यांच्यातल्या कित्येकांच्या नावावर कसत्या जमिनीचा पट्टा नाही.

निळी_पहाट

नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी होती. ती सांगायची, त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की आपण कोणाच्या तरी वेशीबाहेरचे नाही. पण धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या आणि बौद्धांना त्या परत मिळाल्या १९९० साली. चौतीस वर्षं. माणसानं स्वतःची ओळख स्वतः निवडली की शासन किंमत मागतं, हे आम्ही घरात पाहिलं.

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत म्हणाले होते की २६ जानेवारीपासून राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. जुनी_नाणी यांनी काराकाल्लाचं लिहिलं ते वाचून हेच आठवलं.

आणि संविधानाचं कलम ५ काढून वाचा. संविधान लागू झालं त्या दिवशी ज्याचा अधिवास भारतात आहे आणि जो इथं जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक जण इथं जन्मला, किंवा जो लगतची पाच वर्षं इथं राहिला, तो नागरिक. आई किंवा बाप, दोघांपैकी कोणीही. कागदाचं नाव नाही. फाळणीनंतर लाखो माणसं उघड्यावर असताना हे लिहिलं गेलं.

गायकी

भंडाऱ्याहून. आम्ही गोवारी. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात ११४ माणसं चेंगरून मेली, बाया आणि लेकरं जास्त. मागणी एवढीच होती की आम्ही कोण ते अनुसूचित जमातींच्या यादीत नीट लिहा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या विरोधात गेला. निकाल मान्य. पण सकाळी ज्याच्या दारातून गाई सोडतो तो आम्हाला ओळखतो, यादी ओळखत नाही, हे दुःख कुठं मांडायचं ते कळत नाही.

जुनी_नाणी

गायकी दादा, तुमचं वाचून काही सुचत नाही. नमस्कार घ्या.

एक कायद्याची गोष्ट. जातीचा दाखला खरा आहे का ते तपासणाऱ्या पडताळणी समित्या अॅफिनिटी टेस्ट घेतात: तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, बोली बोलून दाखवा. २४ मार्च २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नाही. शिकलेल्या, शहरात वाढलेल्या पोराला जुन्या चालीरीती माहीत नसतील, म्हणून तो त्या जमातीचा नाही असं होत नाही. युक्सिथियस नेमकं हेच आपल्या बापाच्या बोलीबद्दल सांगत होता. मात्र त्याच निकालात संविधानापूर्वीच्या कागदांना सर्वांत जास्त वजन दिलं आहे, तेव्हा तुमच्या मुलीची अडचण तिथंच राहते.

सातबारा

पैनगंगाकाठ, लेक_माहेरची, तुमचं दोघांचं म्हणणं मी मनाला लावून घेतलं. कागदावरचा विश्वास सोडणार नाही, पण तो शोधायला त्या कुटुंबानं एकट्यानं का फिरावं, हा प्रश्न खरा आहे. तेव्हा कामाचं लिहितो.

एक. मुलीच्या बापाकडच्या रक्तनात्यात कोणाची व्हॅलिडिटी, म्हणजे दाखल्याची पडताळणी, झाली आहे का ते आधी पाहा. चुलत आजोबाच्या नातवाची का असेना. बेडे विखुरले आहेत, अकोला, वाशीम, अमरावती तिन्हीकडं विचारा. एक जरी मिळाली तरी वंशावळ जुळवून काम होऊ शकतं.

दोन. आजोबा सांगतात त्या गावाचं कोतवाल बुक तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागा. जन्माच्या पानावर थांबू नका, मृत्यूचं पानही पाहा. पणजोबाच्या एखाद्या लहानग्या भावाचा किंवा बहिणीचा मृत्यू साथीत झाला असेल तर बापाच्या नावानं आणि जातीसकट नोंद असू शकते. अर्ज गावाच्या नावानं आणि सालांचा पट्टा देऊन करा, एका नावावर अडून राहू नका, कारण नाव वेगळं लिहिलेलं असतं. पान मोडीत असेल तर मला फोटो पाठवा, मी वाचून देतो.

तीन. त्या शेतकरी आजोबांचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. वय पाहता थांबू नका. त्यांच्या वावराचा जुना पेरेपत्रकाचा (पिकांच्या नोंदीचा) उतारा त्याला जोडा, म्हणजे ते म्हणतात ते वावर त्या काळी त्यांच्याच घराण्याकडं होतं हे दिसेल. गृहचौकशीची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचा माणूस आला की त्याला बेड्यावर आणि वावरात, दोन्हीकडं न्या, आजोबांना सोबत घेऊन.

पैनगंगाकाठ

काका, उपकार झाले. प्रतिज्ञापत्राचा मसुदा आज रात्री तयार करतो. वावराचा जुना सर्व्हे नंबर आजोबांच्या मुलाकडून मिळाला, तो तुम्हाला व्यक्तिगत निरोपानं पाठवतो. मुलीच्या वडिलांचे एक चुलते वाशीमकडं आहेत, त्यांच्या नातवाला शाळेत दाखला मिळाल्याचं आत्ताच फोनवर कळलं. व्हॅलिडिटी झाली आहे का ते विचारायला उद्या तिचे वडील निघतात. मोहफूल ताई, तुमच्या दाव्यात वडीलधाऱ्यांचे जबाब ज्या नमुन्यात लिहिले होते त्याची एक प्रत मिळाली तर बरं होईल.

मोहफूल

पाठवते. नावं झाकून फोटो काढते. आमच्याकडं प्रत्येक जबाबाखाली ऐकणाऱ्या दोघांच्या सह्या घेतल्या होत्या, तुम्हीही घ्या. अंगठा असेल तर कोणता हात ते लिहायला विसरू नका, त्यावरून एक जबाब परत आला होता.